सगळं हिरवं, फक्त ऑर ब्लॉक लाल

हिंजवडीत आम्ही एका इलेक्ट्रिक गाडीच्या ॲक्सिलरेटर पेडलचं सिम्युलिंक मॉडेल, म्हणजे ब्लॉक आणि वायर जोडून आखलेलं सॉफ्टवेअर, तपासत होतो. रिलीज दोन दिवसांवर आलेलं. सगळ्या टेस्ट पास झालेल्या आणि एक्सेलमध्ये कव्हरेज, म्हणजे टेस्टनी मॉडेलचा किती भाग तपासला ते, ९८ टक्के. उरलेल्या दोन टक्क्यांबद्दल लीड म्हणाले, "अरे, डिफेन्सिव्ह लॉजिक असेल. जस्टिफाय करून टाक."

डिफेन्सिव्ह लॉजिक म्हणजे निव्वळ खबरदारीसाठी ठेवलेला, सहसा कधी न चालणारा भाग; जस्टिफिकेशन म्हणजे तो न तपासता का सोडला याचं लेखी कारण. ते लिहायचं तर ब्लॉक तरी बघावा, म्हणून कव्हरेजचे रंग थेट मॉडेलवर चढवले. पूर्ण तपासलेलं हिरवं, अर्धवट तपासलेलं लाल. शेवटच्या सबसिस्टिममध्ये एक ऑर ब्लॉक (कुठलाही एक इनपुट ट्रू झाला की ज्याचं उत्तर ट्रू येतं तो) लाल दिसला. त्याच्यावर क्लिक केलं. पहिला इनपुट अख्ख्या टेस्ट सूटमध्ये एकदाही ट्रू झाला नव्हता.

पोटात खड्डा पडला, कारण तो इनपुट कशाचा ते मला ठाऊक होतं. पेडलला दोन सेन्सर असतात. आमच्याकडे दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा यायला हवा. ते प्रमाण २०० मिलिसेकंद बिघडलेलं राहिलं, की गाडीची ताकद कमी करायची. पाय न दाबता गाडी पळू नये, म्हणून ही सोय.

पण या बिघाडाची टेस्ट तर होती, आणि पासही झाली होती! ती उघडली. टेस्ट लिहिणाऱ्याने दुसरा सेन्सर थेट ० व्होल्टवर नेला होता. तेवढ्या खाली गेल्यावर शॉर्ट सर्किटची वेगळी तपासणी आधी जागी होते आणि ऑरच्या दुसऱ्या इनपुटमधून ताकद कमी करते. उत्तर बरोबर, पण वाट भलतीच.

मी नवी टेस्ट लिहिली. पहिला सेन्सर ४ व्होल्ट, दुसरा २ ऐवजी १.५. दोन्ही आपापल्या हद्दीत, फक्त एकमेकांशी न जुळणारे. रन केली. ऑर लालच, आणि ताकदही कमी झाली नाही.

मग वायर धरून एकेक ब्लॉक मागे गेलो. बिघाड टिकला की दर १० मिलिसेकंदांनी एक काउंटर वाढतो. सॅच्युरेशन ब्लॉक त्याला २० वर अडवतो. पुढची तुलना होती '> २०'. वीसवर थांबलेला आकडा वीसच्या पुढे जाणार कसा? सॅच्युरेशनच्या दोन्ही मर्यादा टेस्टमध्ये गाठल्या गेल्या होत्या, म्हणून तो ब्लॉक छान हिरवा होता.

लीडना खुर्ची ओढून शेजारी बसवलं. त्यांनी स्क्रीन पाहिली, काही न बोलता फोन उचलला आणि रिलीज थांबवलं. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. आयएसओ २६२६२ या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेच्या मानकामध्ये सर्वांत कडक पातळीला, एएसआयएल डी ला, एमसीडीसी कव्हरेज का मागतात, हे मला त्या संध्याकाळी खरं कळलं. ऑरचा प्रत्येक इनपुट एकट्याने निकाल बदलू शकतो हे त्यात दाखवावं लागतं, आणि आमचा तेच करू शकत नव्हता.

'>' च्या जागी '>=' केलं. नवी टेस्ट पास झाली, ऑर हिरवा झाला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. घरी न जाता मी जुन्या मॉड्यूल्सची जस्टिफिकेशनची यादी उघडली आणि जिथे जिथे 'डिफेन्सिव्ह लॉजिक' लिहिलं होतं, तो प्रत्येक ब्लॉक मॉडेलवर पाहायला बसलो.