यादी, भाग ४ : ‘हलतात’ आणि ‘बरोबर हलतात’

बाराव्या उड्डाणात ट्रेनर, म्हणजे रिमोटवर उडवायचं शिकाऊ विमान, पडला. नाक फायरवॉलपर्यंत (मोटर बसवायच्या फळीपर्यंत) बसलं, १० बाय ४.५ इंची प्रॉप (पंखा) गेला, उजव्या पंखाला मधोमध घडी पडली. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि २२०० एमएएचची ३एस (तीन सेलची) बॅटरी शाबूत आहे. हातातून सुटल्यापासून काळ्या मातीत रुतेपर्यंत फार तर चार सेकंद लागले. चीड पडल्याची नाही. उड्डाणाआधी वाचायच्या यादीतल्या २३ च्या २३ ओळींवर खूण होती, याची आहे. भाग ३ मध्ये ‘अकरा उड्डाणं, चूक शून्य’ असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतलेलं समजा.

एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या फळ्या) उलटे होते. सुटल्यावर पंख थोडा डावीकडे कलला, स्टिक उजवीकडे दिली, तो आणखी कलला, आणखी उजवीकडे दिली आणि खेळ आटोपला. डोकं ताळ्यावर असतं तर दोन सेकंदांत स्टिक उलटी देऊन वाचवता आलं असतं, असं म्हणतात. पाच मीटर उंचीवर कोणाचंच डोकं ताळ्यावर नसतं.

आता उलटे झाले कसे, ते नीट पाहा, कारण हे कोणाच्याही विमानात होईल. एलेरॉनचे हॉर्न (सळी जोडायचे छोटे दांडे) पंखाच्या खालच्या बाजूला होते. कापूस निघालेल्या वावरात उतरवलं की पऱ्हाटीचे खुंट त्यांना अडकतात आणि फोमबोर्डसकट उपटून काढतात. म्हणून हॉर्न आणि सर्वो (स्वतःच्या छोट्या हाताने सळी ओढून एलेरॉन हलवणारी मोटर) दोन्ही पंखाच्या वर घेतले. कल्पना चांगलीच आहे, पुढेही तशीच ठेवायची. घोटाळा सर्वो बसवण्यात झाला. सर्वो होता तसाच पालथा घालून वरच्या खाचेत बसवला. असं केलं की सर्वोचा हात आधी पुढे जायचा तो आताही पुढेच जातो. पण खालचा हॉर्न पुढे ओढला की एलेरॉन खाली जातो, वरचा हॉर्न पुढे ओढला की तोच एलेरॉन वर येतो. दिशा फिरली. सर्वोचं तोंड (हात बसतो ती बाजू) पंखाच्या टोकाकडे होतं तसंच ठेवून फक्त हात काढून १८० अंशात फिरवून लावला असता, तर दिशा फिरली नसती. दोन्ही सर्वो वाय-केबलवर (एकाच चॅनेलवर), त्यामुळे दोन्ही एकदम उलटले आणि एकमेकांशी अगदी जुळून हलत राहिले. एकच उलटला असता तर दोन्ही एलेरॉन एकदम वर आले असते आणि लांबूनही दिसलं असतं. ट्रान्समीटरमध्ये (हातातल्या रिमोटमध्ये) एलेरॉनचा चॅनेल १ रिव्हर्स केला की प्रश्न सुटतो. तेवढंच राहिलं.

यादीतली ओळ क्रमांक १४ अशी होती : ‘कंट्रोल सरफेस तपासले.’ तपासले होतेच की! स्टिक हलवली, फळ्या हलल्या, खूण झाली. खऱ्या विमानांच्या यादीत या जागी ‘फ्री अँड करेक्ट’ असतं. मोकळे आहेत का, आणि बरोबर दिशेला जातात का. आपल्या ओळीत पहिलं अर्धंच होतं. ३० ऑक्टोबर १९३५ ला ओहायोत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे खरं, मोठं बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच पडलं, ते पहिल्या अर्ध्यावर : जमिनीवर फळ्या वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहिलं होतं. वैमानिक कसलेले होते. उड्डाणाआधी कागदावरची यादी वाचायची पद्धत त्या अपघातानंतर रुजली. आपला ट्रेनर दुसऱ्या अर्ध्यावर पडला.

तेव्हा ओळ १४ मोडून चार ओळी केल्या. एकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. नियम एक : उत्तरात ‘ठीक’, ‘ओके’, ‘झालं’ चालणार नाही, जे डोळ्याला दिसतं तेच बोलायचं. नियम दोन : दोघांनीही विमानाच्या शेपटीमागे, नाकाच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं. समोरून पाहिलं की डावं-उजवं पलटतं आणि उलटा एलेरॉन सुलटा वाटतो.

स्टिक उजवीकडे : उजवा एलेरॉन वर, डावा खाली.
स्टिक डावीकडे : डावा वर, उजवा खाली.
स्टिक स्वतःकडे ओढली : एलिव्हेटर (शेपटीची आडवी फळी) वर.
रडरची स्टिक उजवीकडे : रडरची (शेपटीच्या उभ्या फळीची) मागची कड उजवीकडे.

घरी कामाच्या बाकावर वीस वेळा करून पाहिलं आणि नवीच गंमत निघाली. वाचणारा ‘उजवीकडे’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून न बघताच ‘उजवा वर’ निघतं. मुद्दाम चॅनेल उलटा करून ठेवला, तरी वीसपैकी तीनदा ‘उजवा वर’ असंच उत्तर आलं! प्रश्नातच उत्तर होतं, डोळ्यांना काम उरलं नव्हतं.

उपाय रंगाचा. डाव्या पंखाच्या टोकाला लाल चिकटपट्टी, उजव्याला हिरवी. विमानांच्या दिव्यांचे रंगही असेच असतात. आता प्रश्न दिशेचा, उत्तर रंगाचं : ‘स्टिक उजवीकडे?’ ‘हिरवा वर.’ रंग बघितल्याशिवाय तोंडातून निघत नाही, निदान पहिले काही दिवस तरी. सवय झाली की हेही पाठ होईल, म्हणून वर आलेल्या फळीला मदतनिसाने बोट लावायचं. जपानच्या रेल्वेत चालक सिग्नलकडे बोट करून तो मोठ्याने बोलतो, तोच प्रकार. मोटर या वेळी थ्रॉटल-कटवर (मोटर फिरू न देणाऱ्या बटणावर) असलीच पाहिजे आणि बोट लावणाऱ्याने प्रॉपच्या पुढे किंवा रेषेत यायचं नाही. कार्डावर अपेक्षित उत्तरं छापायची नाहीत, हेही ठरलं. वरच्या चार ओळी फक्त शिकण्यापुरत्या.

मधे कोणी बोललं की यादी पहिल्या ओळीपासून. वावरात विमान आणलं की धुऱ्यावर दहा पोरं जमतातच आणि ‘काका, किती वर जाते?’ नेमकं ओळ १२ ला येतं. त्यांना राग दाखवून उपयोग नाही. एकाला वावटळ आणि ११ केव्हीच्या तारांकडे लक्ष ठेवायचं काम द्या, बाकीचे आपोआप गप्प होतात.

छोटे विजयही आहेत. फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद) पहिल्या फटक्यात पास : प्रॉप काढून, थ्रॉटल पाव, ट्रान्समीटर बंद, मोटर लगेच थांबली. क्लेव्हिसवर (सळीच्या टोकाच्या चिमटीवर) सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी तीन मिलिमीटर कापून चढवली; ऑनलाइन मिळणाऱ्या सिलिकॉन रिंगांपेक्षा घट्ट बसते आणि सायकल दुकानात गावातच मिळते. सीजी (विमानाचा तोलबिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून ५५ मिलिमीटरवर (पंखाची रुंदी २०० आहे), बॅटरीच्या जागी पेनाने रेघ मारली, आता दर वेळी बोटावर तोलायला नको. फायरवॉलला पाच मिनिटांचा इपॉक्सी यापुढे नाही, तीस मिनिटांचाच. एका दुकानदाराने पाठवलेले ९ ग्रॅमचे सर्वो मात्र परत केले. चारपैकी दोन मध्यावर थरथरत होते.

हे लिहितानाच एक गोष्ट खटकतेय. आधी बेत होता की २३ ओळींच्या ३० करायच्या. पण ही चूक वावरातली नव्हतीच, बाकावरची होती. वावरात सकाळी साडेसहाला, वारा सुटायच्या आत उडवायची घाई असताना, तिसावी ओळ कोणी मनापासून वाचणार नाही. म्हणून बेत बदलला, तीन कार्डं. घरचं कार्ड आदल्या रात्री : बॅटरी १२.६ व्होल्ट, अलार्म दर सेलला ३.५ वर, स्क्रू, क्लेव्हिस, डिजिटल स्कायचा (कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी) नकाशा हिरवा (हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २००). दुरुस्तीनंतरचं कार्ड : सर्वो, हॉर्न, पुशरॉड, रिसीव्हर यांपैकी कशालाही हात लागला की दिशांची तपासणी बाकावरच, शिवाय फेलसेफ, शिवाय सीजी. वावरातलं कार्ड फक्त ११ ओळींचं, त्यात दिशा पुन्हा एकदा.

वावरातल्या कार्डात एप्रिलपासून बारावी ओळ वाढेल : अंगठ्याने प्रत्येक सर्वो ढकलून पाहणे. पंख उन्हात अर्धा तास राहिला की हॉट ग्लू मऊ होतो, सर्वो खाचेत सरकतो आणि घरी लावलेला ट्रिम (फळ्यांची ठरवलेली मधली जागा) वावरात खोटा ठरतो. उडवायच्या आधी विमान सावलीत, बॅटरी तर नक्कीच सावलीत. पंखाचे रबर बँडही उन्हाने तडकतात, दर सकाळी नवे.

नवा पंख कापून झालाय, हॉर्न वरच. सर्वो या वेळी पालथे घातलेले नाहीत, फक्त हात फिरवलाय. चॅनेल १ नॉर्मलवर आहे आणि हिरवा वर येतोय. कार्डांना लॅमिनेशन इतक्यात नाही. पहिल्या पाच सकाळी पेन्सिलनेच, खोडरबर सोबत.