तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेनमधल्या फ्लेश गावच्या डोंगरवाटेवरच्या पायऱ्या आमच्या ग्रुपला झेपतील का?

सह्याद्रीत नियमित ट्रेक करणारे पुष्कळ जण स्पेनला जाताना कुठली वाट करावी ते विचारतात. कॅमिनो ही प्रसिद्ध यात्रावाट नको, गर्दी नको, जुनी डोंगरवाट हवी, आणि सोबत पंधरा-वीस माणसं. त्यांना आम्ही एकच नाव सांगतो. आलिकांते प्रांतात देनिया बंदरामागच्या डोंगरांत वाल दे लाग्वार नावाचं खोरं आहे. तिथल्या फ्लेश गावातून निघून फ्लेशलाच परत येणारी पी.आर.-सी.व्ही. 147 या क्रमांकाची, खुणा केलेली पायवाट करा.

अंतर 14-15 किलोमीटर. आकडा ऐकून लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच हिशोब चुकतो. या वाटेवर सहा हजारांच्या वर पायऱ्या आहेत. बारांक दे लिन्फेर्नच्या घळीत उतरायचं, पलीकडे जुवेसच्या वस्त्यांपर्यंत चढायचं, पुन्हा उतरायचं, पुन्हा चढायचं. एकूण चढाई 800 मीटरच्या पुढे जाते. त्यामुळे वेळ किलोमीटरवर धरू नका. चांगल्या चालीच्या ग्रुपलाही सहा-सात तास लागतात, वीस जण असतील तर आठ धरा.

या पायऱ्या मोरिस्को शेतकऱ्यांच्या, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या काळातल्या. डोंगरउतारावरच्या ताली आणि वस्त्या गाठायला त्यांनी ही वाट बांधली. 1609 मध्ये स्पेनचा राजा तिसऱ्या फिलिपने त्यांना हद्दपार केलं, तेव्हा हजारो माणसं याच खोऱ्यात आसऱ्याला आली. नोव्हेंबरात कवाल वेर्दच्या डोंगरावर त्यांचा प्रतिकार मोडला. पुढे माजोर्का बेटावरून आणलेल्या कुटुंबांनी ही गावं पुन्हा वसवली. चालण्याआधी एवढं ग्रुपला जरूर सांगा. रिकाम्या जुवेसमधल्या पडक्या भिंती मग नुसत्या फोटोपुरत्या उरत नाहीत.

पायरीकडे नीट बघा. पुढच्या कडेला दगड उभे रोवलेले, मागे बारीक दगड ठासून भरलेले, चुना-सिमेंट काही नाही. चुनखडीचा हा दगड मधोमध घासून गुळगुळीत झालाय, कडेला अजून खरबरीत आहे. म्हणून उतरताना पाऊल कडेला टाका. दव किंवा पाऊस असेल तर मधला भाग साबणासारखा निसरतो. काठीचं लोखंडी टोकही त्यावर सटकतं, रबरी टोपण घाला. उतारावर काठी पाच-दहा सेंटिमीटर लांब करा. कित्येक पायऱ्या एका पावलाला जास्त आणि दोन पावलांना कमी पडतात, मग नकळत दर वेळी तोच पाय पुढे पडतो आणि तोच गुडघा बोलायला लागतो. पाय मुद्दाम बदलत राहा. आणि वळणं तोडून सरळ खाली उतरू नका. उभा दगड एकदा सुटला की मागचा सगळा भराव पावसात वाहून जातो.

सुरुवातीच्या उतारावर खडकाला पाडलेल्या बोगद्यातून वाट जाते. पुढे नदीपात्र लागतं, बहुतेक वर्ष कोरडं. चुकामूक होते ती इथे. पात्र चालायला सोपं दिसतं म्हणून पुढचे लोक त्यातूनच सरळ निघतात. पण घळीचा अरुंद भाग दोर घेऊन उतरणाऱ्यांचा आहे, चालणाऱ्यांचा नाही. पांढऱ्या-पिवळ्या दोन समांतर पट्ट्या म्हणजे वाट बरोबर, फुली म्हणजे मागे फिरा. अंदाजात पाऊस असेल तर जाऊच नका, विशेषतः शरद ऋतूत. वरच्या डोंगरात कोसळलेलं पाणी घळीत फार वेगाने येतं.

वीस जण एका ओळीत नेऊ नका. दहा-दहाचे दोन गट करा, प्रत्येकात पुढे एक जाणकार, मागे एक. सगळ्यात हळू चालणारा पुढच्या जाणकाराच्या लगेच मागे. तो शेवटी राहिला, तर बाकीचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोहोचताच निघतात, म्हणजे ज्याला गरज त्यालाच विश्रांती नाही.

पाणी माणशी किमान अडीच लिटर. वाटेतल्या विहिरी-झऱ्यांच्या भरवशावर राहू नका, खाणंही बरोबर घ्या. जुलै-ऑगस्ट पूर्ण टाळा, सावली फारच कमी. मार्च-एप्रिल उत्तम, चेरीचा बहर मिळू शकतो. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, तेव्हा साडेआठला पहिलं पाऊल पडलंच पाहिजे. शेवटची चढण बेनिमाउरेल गावाची, आणि ती दमलेल्या पायांनी करायची असते. आपत्कालीन नंबर 112, पण घळीत रेंज मिळेलच असं नाही.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना घरी बसवू नका. फ्लेशहून बोगद्यातून नदीपात्रापर्यंत उतरून त्याच वाटेने परत यायचं. जुन्या बांधणीचा उत्तम नमुना तेवढ्यातही बघायला मिळतो. मात्र हे सकाळी निघतानाच ठरवा, कारण पहिली घळ ओलांडून पलीकडे चढल्यावर मागे फिरलं, तरी तेवढंच उतरून पुन्हा चढावं लागतं.