तुम्ही विचारलंत म्हणून: उकंडा

माझं नाव उकंडा. बँकेत, बर्डीच्या दुकानात, परवा डोळे तपासायला गेलो तर तिथंही तेच. "काका, उकंडा म्हणजे काय हो?" विचारतानाच ओठ मुडपलेले असतात. उकंडा म्हणजे उकिरडा. झालं समाधान?

राहुलला कोणी विचारत नाही. नागपुरात गल्लोगल्ली राहुल आहेत. पाली कथेत मुलगा झाल्याचं कळल्यावर सिद्धार्थ म्हणतो, बंधन जन्मलं. धोंडो केशव कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं, तेव्हा 'कसला धोंडा?' असं कोणी म्हटलं नसावं. आणि आमचा नातू आरव. सुनेनं मोबाइलवर पाहिलं, अर्थ 'शांत'. मी संस्कृत कोश काढून दाखवला: आरव म्हणजे आवाज, ओरडा. दोन दिवस ती बोलली नाही. (पोरगं मात्र कोशाच्या बाजूनं आहे.)

पण लाज मलाही होतीच. 1984 साली, चोविसाव्या वर्षी, राजपत्रात नाव बदलायचा अर्ज आणला. नवं नाव उत्कर्ष. आद्याक्षर तेच, सही फार बदलायला नको. माय अंगणात तूर पाखडत होती.

"बदल ना बापा. मले काहून विचारतं?"

सूप थांबलं नाही. पाखडता पाखडताच तिनं सांगितलं. माझ्याआधी तिची तीन लेकरं गेली, तिन्ही सव्वा महिन्याच्या आत. मी झालो तेव्हा आजीनं मला सुपात घालून उकंड्यावर ठेवलं. शेजारच्या काकीनं "कोनाचं टाकलं हे?" म्हणत उचललं, आणि मायनं पायलीभर ज्वारी देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. कानामागं शेण लागलं होतं, ते आजीनं तीन दिवस पुसू दिलं नाही. कचरू, केरबा, दगडू, भिकू, सगळे त्याच भीतीचे.

"कागदावर काहीबी लिव. मी उकंडाच म्हणीन. त्याले आजून वाटते, हे टाकलेलं लेकरू हाये. वाटू दे."

कोणाला, ते मी विचारलं नाही.

चोविशीतल्या त्या पोराला आज म्हणतो, लेका, लाजायचं काय एवढं? तो म्हणतो, मुलाखतीत तिघं हसले तेव्हा हे बोलायचं होतं. शिवाय तू तरी पोराचं नाव दगडू कुठं ठेवलंस? समीर ठेवलंस.

माय गेल्यावर तिच्या पेटीत तो अर्ज सापडला, घडी तशीच. भरला नाही. फाडलाही नाही.