बझपासून म्यूटपर्यंत

याहू मेसेंजरमध्ये 'बझ' नावाचा एक आचरट प्रकार होता. समोरचा उत्तर द्यायला वेळ लावतोय असं वाटलं, की कंट्रोल आणि जी ही दोन बटणं एकदम दाबायची. पलीकडे त्याच्या पडद्यावर लाल ठळक अक्षरांत 'बझ!!!' उमटायचं, आवाज व्हायचा आणि चॅटची विंडो अंगात आल्यासारखी हलायची. आज असं कुणी केलं तर आपण त्याला ब्लॉक करू. तेव्हा मात्र ते सभ्यतेच्या हद्दीत बसत होतं, आणि त्यामागे शुद्ध आर्थिक कारण होतं. सायबर कॅफेत तासाला वीस-पंचवीस रुपये पडायचे. काउंटरवरचा माणूस वहीत वेळ लिहून ठेवायचा. समोरची मैत्रीण मध्येच जेवायला उठली, तर तिच्या वरणभाताचं मीटर आपल्या खात्यावर पळायचं. मग बझ करायचं नाही तर काय करायचं? शेजारच्या प्लायवुडच्या खोपटात कुणाला बझ आलं, की अख्ख्या कॅफेला कळायचं, याला कुणीतरी बोलावतंय आणि हा भलत्याच कुणाशी तरी बोलण्यात रंगलाय.

त्या काळातले सगळेच मेसेंजर असे हाका मारणारे होते. १९९६मध्ये इस्रायलमधल्या मिराबिलिस नावाच्या छोट्या कंपनीनं आयसीक्यू आणलं. त्यात मेसेज आला की 'ओ-ओ!' असा आवाज यायचा. तो ज्यांनी ऐकलाय ते आज पन्नाशीतही दचकून मान वळवतील. एमएसएन मेसेंजरनं २००५च्या सुमारास 'नज' आणलं, म्हणजे बझचंच जरा सुसंस्कृत घराण्यातलं भावंड. याहूकडे 'ऑडिबल्स' होते: हातवारे करत बोलणारी कार्टून्स. आपण काही टाइप न करता त्यांच्याकरवी टोमणा मारून घ्यायचा. ऑफिसात स्पीकर चालू राहिला असेल तर तो टोमणा साहेबांपर्यंत पोचायचा. 'डूडल' नावाच्या एका सोयीत चॅटच्या मागच्या फळ्यावर दोघांनी मिळून चित्र काढता यायचं. माउसनं काढलेलं ते चित्र काहीही असलं तरी बटाट्याच्या वर जायचं नाही, पण अमेरिकेतला मामेभाऊ आणि मी एकाच बटाट्यावर रेघोट्या ओढतोय याचं त्या वेळी केवढं अप्रूप होतं!

आणि स्मायली. त्या पॅलेटमधून निवडायच्या असतात असं मानणारे लोक नवशिके समजले जात. जाणकार माणूस चिन्हं टाइप करायचा. गुलाबासाठी @};- आणि माकडासाठी :(|) हे पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ असायचं. यादीत न दाखवलेल्याही काही स्मायली होत्या. त्यांची विद्या एका हॉस्टेलातून दुसऱ्या हॉस्टेलात तोंडी जायची. मुळात हे हसरं चिन्ह जन्माला आलं तेच आपलं म्हणणं नीट पोचावं म्हणून. १९८२च्या सप्टेंबरात कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकावरच्या चर्चेत कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा केली आणि काहींना ती खरीच वाटली. तेव्हा स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की विनोदापुढे :-) असं लिहीत चला. म्हणजे बझ काय किंवा स्मायली काय, सगळ्यांचा हेतू एकच: मी इथे आहे, माझ्याकडे बघ, मला काय म्हणायचंय ते समजून घे.

आता आजच्या मेसेंजरमध्ये नवीन काय आलं ते बघा. लास्ट सीन लपवा. ऑनलाइन असल्याचं लपवा. निळ्या टिक बंद करा. चॅटला कुलूप लावा. एकदाच दिसेल असा फोटो पाठवा. ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडा. हाका मारायच्या सोयी कधीच मागे पडल्या. आता सगळं संशोधन चाललंय ते हाक ऐकूनही न ऐकल्यासारखं कसं करायचं यावर.

याची सुरुवात याहूमध्येच झाली होती म्हणा. तिथे 'इन्व्हिजिबल' होता येत होतं. इतकंच नाही, ठरावीक एकाच माणसाला कायम ऑफलाइन दिसायचं, बाकीच्यांना ऑनलाइन, अशीही सोय नंतर आली. लगेच त्यावर उतारा म्हणून कोण खरं ऑफलाइन आणि कोण लपलंय हे शोधून देणाऱ्या वेबसाइट निघाल्या. नाव टाकलं की त्या चहाडी करायच्या. आमच्या ओळखीतले जवळपास सगळे इन्व्हिजिबलच असायचे. प्रत्येकाची यादी रिकामी, आणि प्रत्येक जण कुणी ऑनलाइन येतंय का याची वाट बघत लपून बसलेला. त्यातून एखाद्याला सहज म्हणून 'आहेस का?' लिहावं, तर दुसऱ्या सेकंदाला 'हो, बोल' असं उत्तर यायचं. चोर पकडल्याचा आनंद दोघांनाही व्हायचा.

पण ते लपणं गमतीचं होतं, कारण लपायचं होतं ते आपल्याच लोकांपासून. २००५मध्ये गूगल टॉक आलं. साधं, पांढरं, दागदागिने नसलेलं. हिरवा ठिपका म्हणजे हजर, नारिंगी म्हणजे उठून गेलाय, लाल म्हणजे कामात. हिंजवडीपासून पवईपर्यंतच्या ऑफिसांत लाल ठिपका लावून तासन्‌तास गप्पा चालत. नावाखाली एक ओळ लिहायची जागा होती, तिथे लोक गाण्याचं धृपद टाकत. ते धृपद एकाच व्यक्तीसाठी असे, पण वाचत सगळे. कुणाचं जमलंय आणि कुणाचं फिस्कटलंय हे त्या ओळीवरून कळायचं. हे सगळं बिनधास्त चाललं त्याचं कारण तंत्रज्ञानात नव्हतंच. कारण एवढंच, की त्या यादीत एकही मावशी नव्हती.

मेसेंजरचा आयडी आपण होऊन ज्याला द्यायचा त्यालाच मिळायचा. 'कूल' आणि 'रॉकस्टार' अशी बिरुदं आणि जन्मसाल जोडून केलेले ते आयडी मावशीला सांगायची सोयही नव्हती. व्हॉट्सॲपनं ओळख बांधली फोन नंबराशी. इथेच सगळा खेळ फिरला असं मला वाटतं. नंबर काय, गॅसवाल्याकडेही असतो. ज्याच्याकडे नंबर तो यादीत: मावशी, सोसायटीचे सेक्रेटरी, मुलाच्या वर्गशिक्षिका, दोन वर्षांपूर्वी एकदा गळका नळ दुरुस्त करून गेलेला प्लंबर आणि साहेब. हे सगळे एकाच यादीत, आणि सगळ्यांना आपण एकाच वेळी ऑनलाइन दिसतोय. मग लपण्याच्या सोयी नाही काढणार तर काय करणार?

गंमत अशी, की व्हॉट्सॲपचा जन्मच मुळी 'आत्ता फोन करू नका' हे सांगण्यासाठी झाला. जान कूम यांनी २००९मध्ये ते बनवायला घेतलं, तेव्हा त्यात मेसेज पाठवायची सोयच नव्हती. जिममध्ये असताना त्यांचे फोन चुकायचे, म्हणून नावापुढे आपली अवस्था लिहिता यावी एवढीच कल्पना होती: कामात आहे, जिममध्ये आहे, बॅटरी संपत आलीय. पुढे कुणी अवस्था बदलली की मित्रांच्या फोनवर सूचना जाऊ लागली. लोक त्या अवस्थेतूनच एकमेकांशी थट्टामस्करी करायला लागले, आणि कूम यांच्या लक्षात आलं की आपल्या हातून मेसेंजर तयार झालंय. म्हणजे माणसाला 'बोलू नका' अशी पाटी दिली तरी तो पाटीवरच गप्पा मारतो. आपल्याकडे त्या पाटीवर अर्ध्या काकांचं 'हे देअर! आय ॲम यूजिंग व्हॉट्सॲप' अजून तसंच आहे. २०१७च्या फेब्रुवारीत कंपनीनं ती ओळ काढून तिच्या जागी चोवीस तासांत विरणारं फोटोंचं स्टेटस आणलं, तर एवढी ओरड झाली की महिन्याभरात जुनी ओळ 'अबाउट' म्हणून परत आणावी लागली. काकांना यातलं काही कळलंच नाही. त्यांनी ती ओळ कधी बदलली नव्हती, त्यामुळे तिच्या जाण्यायेण्यानं त्यांच्या आयुष्यात फरक पडला नाही.

निळ्या टिक आल्या २०१४च्या नोव्हेंबरात. माझ्या मते मेसेंजरच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना आहे, कारण तिनं एक फार जुनी, घरोघरी चालणारी थाप मोडीत काढली. 'तुमचं पत्र मिळालंच नाही हो', 'फोन वाजला पण घेईपर्यंत कट झाला', 'रेंज नव्हती', 'मेसेज आत्ताच बघतेय' या वाक्यांवर आपल्याकडची कितीतरी नाती पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती. साखरपुड्याला न जाणं, उसने पैसे न देणं, स्थळाला होकार-नकार न कळवणं, हे सगळं याच आडोशानं चालायचं. तो आडोसा एका रात्रीत गेला. आता वाचलंस हे दिसतंय, किती वाजता वाचलंस तेही दिसतंय. मग बोल!

थोड्याच दिवसांत टिक बंद करायची सोय आली, पण न्यायानं: तुम्ही तुमच्या टिक झाकल्या तर तुम्हालाही दुसऱ्याच्या दिसणार नाहीत. या अटीवर माणसाची खरी परीक्षा होते. मला कुणी पाहू नये पण मला सगळं दिसावं, ही मूळ इच्छा. ती पुरी होत नाही म्हटल्यावर लोकांनी इतर मार्ग काढले. वरून घरंगळणाऱ्या नोटिफिकेशनमध्येच मेसेज वाचायचा आणि चॅट उघडायचीच नाही. विमान मोड लावून वाचायचा. शिवाय ग्रुपमध्ये टिक झाकताच येत नाहीत, आणि पाठवलेला आवाज ऐकला की माइकचं चिन्ह निळं होतंच. त्यामुळे आमच्या सोसायटीत पार्किंगविषयीचे मेसेज कायम ग्रुपवरच टाकले जातात. कुणी वाचून गप्प बसलंय याची यादीच निघते.

२०१७च्या अखेरीस पाठवलेला मेसेज सगळ्यांकडून पुसायची सोय आली. आधी सात मिनिटांची मुदत होती, पुढे वाढत वाढत ती दोन दिवसांच्या वर गेली. पुसता येतं ही कल्पना उत्तम, पण ती राबवणाऱ्याला माणसाचा स्वभाव ठाऊक नसावा. कारण मेसेज जातो आणि त्या जागी 'हा मेसेज डिलीट केला गेला' अशी शिळा उभी राहते. मूळ मेसेज कुणी वाचलाही नसता. त्या शिळेकडे मात्र सगळे थबकतात. कुटुंबाच्या ग्रुपवर धाकट्या वहिनींनी रात्री अकराला काहीतरी टाकून पुसलं, तर दुसऱ्या दिवशी तीन घरांत त्यावर तर्क चालतात. थोरल्या जाऊबाईंना ते आपल्याविषयीच असल्याची खात्री असते. २०२३मध्ये मेसेज दुरुस्त करायची पंधरा मिनिटांची मुभा मिळाली, तिथेही 'एडिटेड' असा शिक्का बसतोच.

ग्रुप सोडण्याचा प्रश्न तर पंचक्रोशीला पुरेल एवढा गाजलेला. अमुक यांनी ग्रुप सोडला, अशी दवंडी पूर्वी सगळ्यांसमोर पिटली जायची. त्यामुळे सोडणाऱ्यापेक्षा सोडण्याचं कारण विचारणारे फोन जास्त. २०२२पासून फक्त ॲडमिनला कळतं. पण ॲडमिन कोण, तर आत्येभाऊ. त्याच्याकडे काही टिकत असतं तर मग काय हवं होतं! म्हणून शहाणी माणसं सोडत नाहीत, म्यूट करतात. तेही आधी जास्तीत जास्त वर्षभरासाठीच करता यायचं. २०२०च्या ऑक्टोबरात 'कायम' हा पर्याय आला, तेव्हा माझ्या आजूबाजूच्या लोकांनी मनातल्या मनात पेढे वाटले असणार.

खेळकर म्हणून आलेल्या गोष्टीही हळूहळू याच कामाला लागतात. स्टिकर घ्या. २०१८च्या दिवाळीच्या आधी व्हॉट्सॲपवर स्टिकर आले आणि दोन आठवड्यांत घराघरांतल्या मंडळींची तोंडं कापून त्यांचे स्टिकर झाले. त्याआधी 'हाइक' या भारतीय मेसेंजरनं देशी भाषांतल्या स्टिकरांवरच आपला संसार मांडला होता. ते २०२१मध्ये बंद पडलं. आता कुणी लांबलचक वैचारिक मजकूर फॉरवर्ड केला, की खाली आजोबांचा चष्म्यातून बघतानाचा स्टिकर पडतो. वाचलं की नाही हा प्रश्नच उरत नाही. मे २०२२मध्ये मेसेजवर बोट दाबून प्रतिक्रिया द्यायची सोय आली, त्यात सुरुवातीला सहाच चिन्हं होती: अंगठा, बदाम, हसता-हसता रडणारा, आ वासलेला, रडणारा आणि जोडलेले हात. ते जोडलेले हात निवडणाऱ्याला मी मानते. आमच्या ग्रुपवर तेवढ्या एका चिन्हात श्रद्धांजली, आभार, गणपतीचा फोटो पाहून केलेला नमस्कार आणि 'आता पुरे करा' हे सगळं बसतं. आणि कुठलं कुठे आहे हे ज्याचं त्याला बरोबर कळतं.

आवाजाचे मेसेज दीडपट किंवा दुप्पट वेगानं ऐकायची सोय २०२१मध्ये आली. ती कंपनीनं कुणासाठी काढली माहीत नाही, आमच्या घरी ती मावशीसाठी वापरली जाते. मावशीचा आवाजाचा मेसेज तब्येतीच्या चौकशीनं सुरू होतो, मग भाजीचे भाव, मग शेजारच्यांचा सून आणण्याचा घोळ, आणि मूळ मुद्दा शेवटच्या दहा सेकंदांत. दुप्पट वेगात ती एखाद्या क्रिकेट समालोचकाची गती गाठते. पण तिला लपाछपीतलं काहीच लागत नाही. तिच्या निळ्या टिक चालू आहेत, लास्ट सीन सगळ्या जगाला दिसतो, डीपीवर नातवंडांसकट सगळं उघडं. आणि माझ्या बंद टिकांचा तिच्यावर शून्य परिणाम होतो. ती मेसेज पाठवते आणि पाचव्या मिनिटाला फोन करते, "अगं, मेसेज टाकलाय बघ, वाचलास का? बरं नको वाचूस, मीच सांगते." २०२३मध्ये अनोळखी नंबरांचे कॉल आपोआप गप्प करायची सोयही व्हॉट्सॲपनं आणली. पण मावशी अनोळखी नाही.