साखरपुड्याच्या फोटोशूटची आम्ही केलेली तयारी

आमच्या दोघांत मला फोटो काढून घ्यायला मनापासून आवडतं, आणि त्याच्यासमोर कॅमेरा आला की तो अंग चोरून उभा राहतो. एरवी भरभरून बोलणारा माणूस, पण लेन्स दिसली की खांदे वर, ओठ घट्ट. साखरपुड्याचं शूट करायचं ठरलं तेव्हा तो लगेच ‘हो’ म्हणाला, पण ते माझ्यासाठी होतं हे मला कळत होतं. म्हणून मी ठरवलं, कपडे आणि जागा नंतर बघू, आधी या माणसाला त्या दिवसाची धास्ती वाटू नये एवढं बघायचं.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून केली: हे फोटो आपल्याला नक्की कशासाठी हवेत? मला भिंतीवर लावायला एक मोठा फोटो हवा होता. तो म्हणाला, “आपण रोज जसे असतो तसे दिसलो पाहिजे, एवढंच.” हे दोन्ही आम्ही फोटोग्राफरला पहिल्याच फोनवर सांगितलं आणि पुढचे बरेच निर्णय आपोआप झाले. धुराच्या कांड्या, हातात पाट्या, उचलून घेणं हे सगळं तिथेच बाद. मोठ्या प्रिंटचंही विचारून घेतलं. १२ बाय १८ इंचांची छपाई ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, करायची तर साधारण १९ मेगापिक्सेल लागतात, त्यामुळे हल्लीचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो. फक्त फोटो फार कापायचा नाही.

फोटोग्राफर निवडताना निवडक सुंदर फोटो बघून आम्ही हुरळलो नाही. ज्यांच्याशी बोललो त्या प्रत्येकाकडे एकाच जोडप्याच्या एका शूटचे सगळे फोटो मागितले. चांगले दहा फोटो कुणाकडेही असतात, कामाचा दर्जा चाळिसाव्या फोटोत कळतो. एकाने टाळाटाळ केली, तिथे आम्ही थांबलो. जिच्यावर शिक्कामोर्तब झालं तिने आपणहून सगळा अल्बम उघडून दिला. एडिट केलेले फोटो किती मिळणार, कधी मिळणार, पाऊस आला तर काय आणि आमचे फोटो ती स्वतःच्या पेजवर टाकणार का, हे सगळं लेखी घेतलं. शेवटच्या मुद्द्यावर त्याचा नकार होता आणि तिने तो एका शब्दात मान्य केला.

वेळ सूर्यास्ताआधीची ठरली. भर दुपारी ऊन डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि माणूस डोळे बारीक करतो. सूर्य खाली गेला की प्रकाशाला वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो, निळा भाग वाटेत विखुरतो आणि उरतो तो सोनेरी, मऊ उजेड. एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. पण आम्ही आदल्या आठवड्यात त्याच वेळी त्या जागी जाऊन आलो आणि तिथे खरी गोष्ट कळली. मोबाइल दाखवतो ती सूर्यास्ताची वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. आमच्या जागेच्या पश्चिमेला झाडांची उंच रांग होती, त्यामुळे ऊन त्याच्या बरंच आधी गेलं. फोटोग्राफरताईंना कळवून शूट तेवढं अलीकडे घेतलं. हिरवळीवर बसायचं माझ्या फार मनात होतं, पण उन्हातल्या गवताचा हिरवा रंग खालून हनुवटीवर उमटतो, असं त्या म्हणाल्या. मग बसायचे फोटो दगडी पायऱ्यांवर ठेवले.

कपड्यांवर आमचा जितका वेळ जाईल असं वाटलं होतं तितका गेला नाही. एकसारखे कपडे नकोत, एकमेकांना शोभणारे रंग हवेत, एवढं ठरलं. त्याचा आवडता शर्ट अगदी बारीक रेघांचा होता. तसल्या कापडावर कॅमेऱ्यात लाटांसारखी नक्षी उमटू शकते, म्हणून तो घरीच राहिला. मात्र दोघांनीही निवडलेले कपडे घालून बसून, वाकून, हात वर करून पाहिलं. उभं राहून सुरेख दिसणारा माझा ड्रेस बसल्यावर पोटाशी चुरगळत होता, तो बदलला. त्याच्या चष्म्याचा प्रश्न मात्र मोठा निघाला. त्याच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक फोटोत डोळे झाकलेले! चष्मा काढून टाक, असं मी सुचवलंही नाही. चष्म्याशिवायचा तो मला ओळखीचा वाटत नाही. त्याच नंबरच्या साध्या, चकाकी कमी करणाऱ्या काचा त्याने जुन्या फ्रेममध्ये बसवून घेतल्या.

आता सरावाचं सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला. संध्याकाळी स्टुलावर मोबाइल टेकवायचा, टायमर लावायचा आणि फोटो काढायचे. पहिल्या दिवशी फोटो बघून तो म्हणाला, “हा मी वाटतच नाही गं. तोंड वाकडं आलंय.” मला तर तो हुबेहूब तसाच दिसत होता. याचं कारण मी वाचलेलं होतं. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटं पाहिलेलं असतं. १९७७मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला तेव्हा लोकांना स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांना फोटोतला सरळ चेहरा. मी तोच फोटो मोबाइलमध्ये आरशासारखा डावं-उजवं उलटा करून त्याच्यापुढे धरला. भांग नेहमीच्या बाजूला गेला आणि तो म्हणाला, “हां, हा मी!” त्याच्या मनातली अढी तिथेच सुटायला लागली. नाक मोठं दिसतं ही तक्रारही अंतरामुळे होती. मोबाइलची लेन्स रुंद कोनाची, त्यामुळे चेहऱ्यासाठी तो फार जवळ न्यावा लागतो आणि जे पुढे असतं ते फुगतं. फोटोग्राफर ८५ मिमीसारखी, लांबूनही चेहरा मोठा टिपणारी लेन्स घेऊन लांब उभे राहतात. ते ऐकून त्याला दुहेरी हायसं वाटलं: नाक ठीक दिसणार आणि कॅमेराही अंगावर येणार नाही.

पुढे आम्ही फोटो सोडून व्हिडिओ लावायला लागलो. मोबाइल सुरू करून द्यायचा आणि गप्पा मारत बसायचं. मग त्यातली दृश्यं थांबवून पाहायची. ठरवून केलेल्या हसण्यात त्याचे फक्त ओठ हलत होते. बोलता बोलता हसला की डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडत होत्या. हा फरक फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांनी १८६२मध्येच नोंदवून ठेवलाय: खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. त्यामुळे “हस ना” म्हणणं मी बंद केलं. त्याऐवजी फोटोग्राफरताईंना आमच्या लाडक्या विषयांची यादी दिली. अवघडलेल्या हातांना काम दिलं: एक खिशात अंगठा बाहेर ठेवून, दुसरा माझ्या हातात. खांदे वर गेले की लांब श्वास सोडायचा, ते आपसूक उतरतात. आणि एक खूण ठरवली. त्याने माझा हात दोनदा दाबला की काही कारण न विचारता मी विश्रांती मागायची.

प्रत्यक्ष शूटमध्ये ती खूण एकदाच वापरावी लागली. पाणी प्यायलो, थोडं चाललो, परत उभे राहिलो. ताईंनी सुरुवातीची काही मिनिटं नुसतं चालायला लावलं आणि “हे फोटो बिघडले तरी चालतील” असं सांगून टाकलं. तिथून तो मोकळा झाला. अंगठीचे जवळून फोटो शेवटी झाले. मॅक्रो लेन्समध्ये नखाची कड आणि खड्यावरचं तेलही दिसतं, म्हणून अंगठी आदल्या रात्री सौम्य साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुतली होती.

फोटो आल्यावर आम्ही ते वेगवेगळे बसून निवडले, म्हणजे एकमेकांच्या पसंतीचा दबाव नको. भिंतीसाठी माझ्या मनात सूर्यास्ताचा फोटो होता. त्याने निवडला तो पायऱ्यांवरचा, काहीतरी सांगता सांगता त्याचा हात हवेत आहे आणि मी त्याच्याकडे बघून खळखळून हसतेय असा. शेजारी ठेवून पाहिल्यावर मीही तोच घेतला. छपाईला देताना फक्त ताईंकडून मूळ मापाची फाइल मागून घेतली, कारण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत लहान झालेली असते.