अकरावा मुद्दा

महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवाराचे पत्रक तळापासून वर वाचत जाण्याची मला सवय आहे. परवा दुपारी दाराच्या फटीतून आत सरकवलेले गुळगुळीत, चाररंगी पत्रक मी त्याच क्रमाने वाचले. अकराव्या मुद्द्यात जुन्या ड्रेनेज वाहिन्या बदलण्याचे, दहाव्यात पूर्ण दाबाने पाणी देण्याचे आणि पहिल्यात भव्य स्वागत कमानीचे आश्वासन होते. मधल्या जागेत विरंगुळा केंद्र, ओपन जिम, सीसीटीव्ही आणि सुशोभीकरण ही मंडळी नेहमीप्रमाणे दाटीवाटीने बसली होती. चौथ्या मुद्द्यात मेट्रो होती. तिच्याशी नगरसेवकाचा संबंध बहुधा तिकीट काढण्यापुरताच येतो.

लहानपणी प्रचाराची रिक्षा भोंगा वाजवत गल्लीत शिरली की आम्ही मुले तिच्यामागे धावत असू, कारण मागच्या आसनावर बसलेला कार्यकर्ता मूठमूठभर पत्रके उधळत जाई आणि ज्याच्याकडे सर्वांत जाड गठ्ठा, तो त्या संध्याकाळपुरता पुढारी ठरे. ती पत्रके पातळ असत, एकाच बाजूने छापलेली, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर गणिताची कच्ची आकडेमोड चाले. छपाईची शाई कागदातून उमटत असल्यामुळे माझे कितीतरी भागाकार ‘मुबलक पाणी’ या उलट्या अक्षरांवरच झाले आहेत. आताच्या पत्रकांना कोरी बाजूच उरलेली नाही. तिथे वरपासून खालपर्यंत नेत्यांची छायाचित्रे असतात.

कायद्याला मात्र प्राधान्यक्रम ठाऊक आहे. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि ऐच्छिक कामे त्यानंतर कलम ६६ मध्ये येतात. सांडपाण्याचा निचरा, रस्त्यांची झाडलोट, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, स्मशानभूमी, इतकेच काय, घरांना क्रमांक देणे, हे सगळे बंधनकारक यादीत आहे. पत्रक लिहिणारा ही यादी खालून वर वाचत असावा, म्हणजे आमची खोड एकच आहे. त्याचाही इलाज नसतो म्हणा. उद्यानाला कोनशिला बसवता येते, पण जमिनीखाली पुरलेल्या वाहिनीची फीत कापायला कोण खाली उतरणार? शिवाय कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे, म्हणजे निवडून आल्यावरही या माणसाच्या हाती सभागृहातला आवाज, प्रभाग समिती आणि अंदाजपत्रकातल्या आपल्या वाट्याच्या तरतुदीसाठी करायची धडपड एवढेच राहते.

शहर वाढते तेव्हा हा अकरावा मुद्दा आणखी खाली जातो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. हद्दीची रेघ एका अधिसूचनेने पुढे सरकते, जलवाहिनीला मात्र खोदाई, निविदा आणि पावसाळा यांतून वाट काढावी लागते. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे हा केंद्राचा मापदंड आहे, आणि त्यातले बहुतेक पाणी सांडपाणी होऊन पुन्हा त्याच न दिसणाऱ्या वाहिन्यांकडे जाते. यासाठी पैसा कुठून येणार, हे कोणत्याही पत्रकात नसते. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, २०१७ पासून शासनाच्या भरपाईवर भिस्त आहे, आणि हाताशी उरलेला मालमत्ता कर वाढवीन असे लिहून निवडणूक लढवण्याचे धाडस मी तरी कुणात पाहिलेले नाही. माफ करीन, असे मात्र पुष्कळजण लिहितात.

वाहिनी तुंबल्यावर मात्र तिथे माणूस पोचतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे, तरी गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतच राहतात. अशा मृत्यूसाठी द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरवली होती, ती २०२३ मध्ये ३० लाख केली. प्रभागातल्या चेंबरमध्ये कोण उतरतो, त्याला कोणत्या ठेकेदाराने पाठवले आहे आणि त्याच्या कमरेला दोर आहे की नाही, हे कोपरा सभेत उमेदवाराला विचारावे असे मनात आहे. कमानीवर तो अर्धा तास बोलेल. यावर किती बोलतो ते बघू.