कर्नलला फाइलचं नाव विचारलं, तर कचरा आला

डिलिव्हरीच्या दरांची एक सीएसव्ही फाइल. होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, उघडली की नवे दर दिसायचे, कंटेनरच्या (ॲप ज्यात वेगळं बंदिस्त चालतं त्या डब्याच्या) आत उघडली की जुनेच. कंटेनर रीस्टार्ट केला की सगळं सुरळीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा रडगाणं. आठवडाभर आम्ही ॲपच्या कॅशला शिव्या घातल्या. मग एकदा सहज दोन्हीकडे ‘एलएस -आय’ चालवलं आणि आयनोडचे, म्हणजे नावामागच्या फाइलच्या खऱ्या नोंदीचे, नंबर वेगळे निघाले. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरला ती एकच फाइल बाइंड माउंट करून (होस्टवरचीच कंटेनरच्या आत दिसेल अशी जोडून) दिली होती, आणि असं माउंट फाइलच्या नावाला नाही, आयनोडला चिकटतं. म्हणजे होस्टवर कुणीतरी त्याच नावाची दुसरीच फाइल आणून ठेवत होतं. कोण, हे कुठल्याही लॉगमध्ये नव्हतं.

फाइल पुसताना कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, व्हीएफएस_अनलिंक हे फंक्शन चालतं. त्याच्यावर केप्रोब (कर्नलचं फंक्शन चालताना आत डोकावायची सोय) लावायची बीपीएफट्रेस या साधनाची एक स्क्रिप्ट माझ्याकडे उबुंटू २०.०४ च्या काळापासून पडून होती. आर्ग-१, म्हणजे शून्यापासून मोजून फंक्शनला मिळणारं दुसरं आर्ग्युमेंट, ही डेंट्री, फाइलच्या नावाची कर्नलमधली नोंद; तिच्यातून नाव काढा, छापा. उबुंटू २२.०४ वर चालवली. चालली, एररही नाही. पण नावाच्या जागी दोन-चार विचित्र अक्षरं, आणि प्रत्येक ओळीत तीच. कचरा असावा तर वेगवेगळा तरी असावा ना!

तासभर डोकं खाजवल्यावर सोर्स उघडला. २०.०४ चा कर्नल ५.४, तिथे पहिलं आर्ग्युमेंट फोल्डरचा आयनोड आणि दुसरं डेंट्री. ५.१२ मध्ये आयडीमॅप्ड माउंट (फाइलींचे मालक बदलून दाखवणारे) आले आणि सुरुवातीला एक नवं आर्ग्युमेंट घुसलं. बाकीची एकेक घर पुढे सरकली. २२.०४ चा कर्नल ५.१५. मी आयनोडलाच डेंट्री समजून वाचत होते. डेंट्रीत ४० व्या बाइटवर नावाचा पत्ता असतो, आयनोडमध्ये नेमका तिथेच सुपरब्लॉकचा, म्हणजे अख्ख्या फाइल सिस्टीमच्या नोंदीचा, पत्ता. फाइल सिस्टीम एकच, सुपरब्लॉक एकच, म्हणून कचराही एकच. कोडं सुटल्यावर मला ते फार आवडलं, खरं सांगते.

केप्रोबला आर्ग्युमेंटचं नाव वा प्रकार काही ठाऊक नसतं. ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर पहिली सहा आर्ग्युमेंट्स आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ या रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यांतून) जातात; आर्ग-१ म्हणजे फक्त आरएसआयमध्ये या क्षणी जे असेल ते. (त्यात बीपीएफट्रेस शून्यापासून मोजतो आणि कर्नलच्या स्वतःच्या एफट्रेस या साधनाच्या केप्रोब इव्हेंटमध्ये मोजणी एकपासून. दोन्ही एकाच दिवशी वापरू नका.)

आर्ग-२ केल्यावर नावं धडाधड यायला लागली. रात्रभर चालू ठेवलं. आमची फाइल एकदाही नाही, आणि सकाळी आयनोड मात्र बदललेला! तेव्हा ट्यूब पेटली: फाइल पुसली जातच नव्हती, दुसरी फाइल रीनेम होऊन तिच्या डोक्यावर बसत होती.

मग व्हीएफएस_रीनेम. ५.४ च्या आठवणीने चौथं आर्ग्युमेंट, म्हणजे नवी डेंट्री, वाचायला गेले. पुन्हा कचरा. जुन्या सहा आर्ग्युमेंट्समध्ये आणखी भर घालायची वेळ आली, तेव्हा ५.१२ मध्येच सगळी एका स्ट्रक्चरमध्ये (एकत्र बांधलेल्या नोंदीत) कोंबली गेली. आता आर्ग्युमेंट एकच, रीनेमडेटा या स्ट्रक्चरचा पॉइंटर, म्हणजे पत्ता. आरसीएक्समध्ये आधीच्या कुठल्यातरी हिशेबाचं उरलंसुरलं होतं, आणि रजिस्टर काही ‘मी रिकामं आहे’ असं सांगत नाही.

इथे मी हट्ट सोडला. कर्नलसोबत बीटीएफ येतं, त्यात प्रत्येक स्ट्रक्चरची आणि फंक्शनची कुंडली असते. बीपीएफट्रेसला ‘-एलव्ही’ देऊन केफंकची (बीटीएफ वापरणाऱ्या प्रोबची) यादी मागितली, तर व्हीएफएस_रीनेमची सही समोर आली, आर्ग्युमेंटच्या नावासकट: आरडी. मग आर्ग्स, त्यातून आरडी, त्यातून न्यू_डेंट्री, तिचं नाव. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

रीनेम यशस्वी झालं का हेही हवं, म्हणून प्रोब फंक्शनच्या शेवटी लावला. तिथे परतीची किंमत आणि आर्ग्युमेंट्स दोन्ही मिळतात. आमची फाइल पकडली गेली, पण जुनं नाव आणि नवं नाव एकच! पॉइंटर बरोबर होता. एक्स्ट४ या फाइल सिस्टीमवर व्हीएफएस_रीनेम संपेपर्यंत कर्नलने जुन्या डेंट्रीला नवं नाव देऊन टाकलेलं असतं, त्यामुळे शेवटी वाचलं की आधीचं नाव गेलेलं. जुनं नाव आत शिरतानाच टिपून थ्रेडच्या आयडीखाली मॅपमध्ये ठेवलं आणि बाहेर पडताना छापलं.

रात्री २:१० ला ओळ आली. प्रक्रिया ‘सेड’ (मजकूर बदलणारी कमांड), आणि जुनं नाव ‘सेड’पुढे सहा अगम्य अक्षरं. ‘सेड -आय’ फाइल जागच्या जागी बदलत नाही, तात्पुरती फाइल लिहून ती मूळ नावावर रीनेम करतो; बदलण्यासारखं काही नसलं तरीही. एका सहकाऱ्याने एक्सेलमधून येणारे कॅरेज रिटर्न (ओळीच्या शेवटचं जादा चिन्ह) काढायला ‘सेड -आय’ची ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) टाकली होती. दर मात्र दिवसा ‘सीपी’ या कॉपी कमांडने त्याच फाइलवर लिहिले जायचे, त्यात आयनोड तोच राहतो. म्हणून बिघाड व्हायचा रात्री आणि कळायचा दुसऱ्या दिवशी, नवे दर आल्यावर.

सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, ती ओळ तर दोन वर्षं आहे.” होती, पण दर कंटेनरमध्ये गेले ते गेल्या महिन्यात. ओळ तशीच ठेवली, फाइलऐवजी तिचं फोल्डर माउंट केलं.